नकाशातली पायवाट आणि गौराक्काची विहीर

जाहीर सूचना. तमाम वाचकांस कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने, वय वर्षे चोपन्न, राहणार चामराजपेट, बेंगळुरू, पूर्ण शुद्धीत असताना आणि दोन सरकारी शिक्क्यांच्या साक्षीने एक पायवाट शोधून काढली. तिची लांबी मोजली. तिचे रूपांतर चाळीस फुटी औद्योगिक रस्त्यात करण्याचा प्रस्ताव दाखल केला आणि तो मंजुरीच्या उंबऱ्यापर्यंत नेला. सदर पायवाट पृथ्वीच्या पाठीवर कधीही अस्तित्वात नव्हती. याबाबत कुणाची हरकत असल्यास त्यांनी ती लेखी, तीन प्रतींत, चहा घेऊन झाल्यावर कळवावी.

हुश्श. सत्तावीस वर्षं असल्याच सूचना लिहीत आल्यामुळे साधं पत्र लिहायला बसले तरी हात आपोआप ‘कळविण्यात येते की’कडे वळतो. बहिणीला मुलगा झाला तेव्हा मी तिच्या सासरच्यांना पाठवलेला मजकूर घरात अजून मोठ्याने वाचून दाखवतात.

मी रस्ते मंजूर करून आणते. बांधत नाही, हे आधीच सांगून टाकते. खडी आणि डांबर ही मंडळी मी लांबूनच पाहिली आहेत. लग्नकार्यात आत्या माझी ओळख करून देते, “ही आमची, रस्त्याचं काम करते,” आणि समोरची बाई आधी माझ्या हातांकडे बघते आणि मग सहानुभूतीने जिलेबीचं ताट पुढे करते. मी जिलेबी घेते. सगळंच कशाला समजावून सांगायचं?

पण तुम्हाला सांगते. कारखाना उभा करायचा तर आधी जमीन लागते, असं लोकांना वाटतं. चूक. आधी रस्ता लागतो. तोही नुसता जमिनीवर असून चालत नाही, कागदावर असावा लागतो. तुमच्या प्लॉटसमोर मंजूर झालेला पुरेसा रुंद रस्ता नसेल, तर इमारतीचा नकाशा पास होत नाही. कारण सरळ आहे. उद्या आग लागली तर बंब आत यायला हवा, लॉरीला वळता यायला हवं. म्हणून कुणीतरी त्या रस्त्याचं रेखाटन करायचं, कुठून कुठे जातो ते पटवायचं, वीज, पाणी, जंगल, तलाव असं ज्याचं त्याचं खातं गाठून त्याच्याकडून ‘आमची हरकत नाही’ असं लिहून घ्यायचं आणि शेवटी नगररचनेच्या साहेबांची सही मिळवायची. ते कुणीतरी म्हणजे मी. बसवनगुडीत पहिल्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस आहे. खाली फिल्टर कॉफीचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या सगळ्या फायलींना कॉफीचा वास येतो. साहेब लोक फाईल उघडण्याआधीच ओळखतात की ही आमची.

गिऱ्हाइकं एकेक असतात. एका मालकाला कारखान्यात येणारा रस्ता ईशान्येकडूनच हवा होता. ईशान्येला तलाव होता. “तलाव स्वल्प सरकवता येईल का?” त्याने अगदी मनापासून विचारलं. दुसऱ्याने स्वतःच रस्ता आखून आणला होता. तो हायवेवरून निघून, तीन वळणं घेऊन, त्याच्या सासऱ्यांच्या आमराईच्या बरोबर मधून जात होता. “दुसरा मार्गच नाही मॅडम,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आजवर देवळातसुद्धा पाहिलेलं नाही.

नंजुंडण्णा या जातीतला नव्हता. शिवाजीनगरच्या एका बोळात त्याचं वर्कशॉप होतं, लेथवर लहान लहान सुटे भाग करायचं. वडिलांनी सुरू केलेलं. बोळात घरं वाढली, घरांत तान्ही मुलं आली, आणि लेथच्या आवाजाने ती उठायला लागली. तक्रारी झाल्या. शेवटी नोटीस आली की वर्षअखेरपर्यंत हे सगळं शहराबाहेर हलवा, नाहीतर वीज तोडू. नंजुंडण्णासारखे तेवीस जण होते. तेवीस जणांनी मिळून शहराबाहेर जमीन घेतली, नंजुंडण्णाला अध्यक्ष केलं, आणि अध्यक्ष सगळे कागद एका मिठाईच्या खोक्यात घालून माझ्यासमोर येऊन बसले.

“मॅडम, सगळं आहे,” तो म्हणाला. “जमीन आहे, माणसं आहेत, मशिनं आहेत.”

“रस्ता?”

“तो तुमच्याकडे आहे असं कळलं.”

माणूस मला तिथेच आवडला.

त्या जमिनीपासून हायवे दिसायचा, लॉऱ्यांचे हॉर्न ऐकू यायचे, पण मध्ये दुसऱ्यांची शेतं. रस्ता मंजूर नाही म्हणजे शेड नाही, शेड नाही म्हणजे मशिनं बोळातच, आणि डिसेंबर संपला की वीज बंद. हिशेब एवढा सोपा होता.

अशा वेळी आमच्या धंद्यातली माणसं एकच करतात: जुना गाव-नकाशा काढतात. त्यात गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवतात, पायवाट एका तुटक रेघेने. अशी वाट सापडली की निम्मं काम झालं, कारण वाट सरकारची असते. तिच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं रुंद केलं की रस्ता. मी शिक्का मारलेली प्रत मागवली, टेबलावर पसरली, आणि खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. हायवेपासून थेट तेवीस जणांच्या जमिनीपर्यंत एक तुटक रेघ! जणू कुणी माझ्यासाठीच काढून ठेवलेली.

ऑफिसात माझ्याबरोबर केतकी आहे. पुण्याहून आलेली, चांगली इंजिनीयर, आणि वाद घालायला जन्मलेली. तिने उपग्रहाचं चित्र उघडलं.

“मॅम, इथे काहीच दिसत नाहीये. आय मीन, अ‍ॅब्सोल्यूटली काही नाही.”

“झाडाखाली असेल.”

“सगळीकडे झाड? आणि एवढी स्ट्रेट? पायवाट कधी अशी पट्टीने मारल्यासारखी असते का?”

“केतकी, हा नकाशा तुझ्या उपग्रहाच्या आजोबांच्या वयाचा आहे. वडीलधाऱ्यांचं ऐकावं.”

हे वाक्य मी बोलले. तिने ते लिहून ठेवलं आहे आणि वाढदिवसाला दरवर्षी मला पाठवते.

जागेवर मी गेले नाही असं नाही. गेले होते. पण पायात नव्या चपला होत्या आणि आदल्या दिवशी कुणीतरी शेतांना पाणी दिलं होतं. मी हायवेच्या कडेला उभी राहिले, कपाळावर हात धरला, सेनापतीसारखं दूरवर पाहिलं. एक बांध दिसला. ‘हीच ती,’ म्हटलं, आणि नारळपाणी पिऊन परत आले.

प्रस्ताव पळायला लागला. या खात्याचं झालं, त्या खात्याचं झालं. हरकती मागवणारी सूचना पंचायतीच्या भिंतीवर लागली. महिनाभर कुणी काही बोललं नाही. सुनावणीच्या दिवशी नंजुंडण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. साहेब, म्हणजे नगररचनेचे वरिष्ठ अधिकारी, चष्म्याच्या वरून बघणारे आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारे, पेन उघडणार एवढ्यात दारातून अबोलीच्या फुलांची टोपली आत आली आणि टोपलीमागून एक साठीच्या पुढची बाई.

“हरकत आहे,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “इथेच सांगायची ना? मी गौरम्मा. तुमचा रस्ता माझ्या विहिरीतून जातोय.”

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. “इथे पायवाट आहे, अम्मा.”

“चाळीस वर्षं त्या शेतात अबोली लावतेय मी. विहिरीतून कोण चालत जातं? बेडूक?”

“नकाशात आहे.”

“मग नकाशालाच सांगा, आधी तू चालून दाखव.”

खोलीत हसू पसरलं. माझ्या तोंडून हळूच मराठीत निघालं, “देवा रे, आता हे काय!” टोपली गर्रकन माझ्याकडे वळली.

“मराठी काय गं तू?”

म्हटलं, हो. किती पिढ्यांपूर्वी आमची माणसं इकडे आली ते मोजायचं आम्ही सोडून दिलंय. तिचंही घराणं तसंच. शहाजीराजांच्या वेळेपासूनचं, असं तिने तिथल्या तिथे मला, साहेबांना आणि शिपायाला सांगून टाकलं. मग माझ्यावर बोट रोखून आमच्या त्या घरगुती, निम्म्या कन्नड मराठीत म्हणाली, “आपलीच पोर आणि आपल्याच विहिरीवर लॉरी घालतेय! सरी, बरोबर आहे का हे?”

साहेबांना मराठी येत नव्हती, पण अर्थ कळला असावा. त्यांनी पेन बंद केलं. “पुढचा मंगळवार,” म्हणाले. त्या दिवशीचे शब्द बहुधा संपले होते.

दुसऱ्या दिवशी मी भूमापनाच्या जुन्या दप्तरात जाऊन मूळ नकाशा मागितला. इतकी वर्षं मी शिक्क्याच्या प्रती वापरल्या. मूळ बघायची वेळ कधी आली नव्हती. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाने मागे कापड चिकटवलेला एक मोठा कागद आणला आणि चादर पसरावी तसा पसरला. मी माझी तुटक रेघ शोधली. तिच्यावरून बोट फिरवलं. बोट खाली गेलं. तिथे शाई नव्हतीच. तिथे खाच होती. कागद जागोजागी उडाला होता आणि खालचं कळकट कापड दिसत होतं, म्हणून रेघ तुटक.

“ही रेघ कसली हो?” मी विचारलं.

“रेघ? घडी आहे मॅडम,” तो म्हणाला. “मीच घालतो रोज.”

प्रतीची प्रत, तिची प्रत काढताना त्या झिजलेल्या घडीची पायवाट झाली होती. दुसरी आडवी घडीही होती. ती तलावाच्या मधून जात होती, म्हणून तिच्यावरून रस्ता काढायचं मला सुचलं नव्हतं. एवढीच माझी हुशारी.

नंजुंडण्णाला मी खालच्या दुकानात बोलावून सगळं सांगितलं. तो कॉफीत साखर ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

“मॅडम, हे किती जणांना माहीत आहे?”

“तू, मी, आणि घडी घालणारा.”

“प्रतीवर शिक्का आहे ना?”

“आहे.”

“मग...” तो थांबला. तो वाईट माणूस नव्हता. वाक्य पुरं करायची त्याला लाज वाटली. “बावीस जण मला रोज फोन करतात, मॅडम. माझ्या लेथवर अजून अप्पांचं नाव रंगवलेलं आहे. मी त्यांना काय सांगू? घडी होती म्हणू?”

खरं सांगते, मला मोह झाला. शिक्का बसला की घडीसुद्धा पायवाट होते, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. एकटी म्हातारी, एक विहीर. समोर तेवीस वर्कशॉपं आणि त्यांत काम करणारी माणसं. तराजू कुठे झुकतो ते लहान मूलही सांगेल. मी स्वतःला म्हटलं, विहीर आधी बघून येऊ. कोरडी असेल. देव करो आणि कोरडी असो.

या वेळी जुन्या चपला घातल्या आणि शेतात उतरले. विहीर काठोकाठ होती. बेडूकही होता, शब्दाला जागून. गौरम्माने, म्हणजे मराठी निघाल्यापासून माझ्या गौराक्काने, मला तांब्याभर पाणी दिलं. भोवती अबोलीचे वाफे, तो फिका नारिंगी रंग, आणि चार बायका फुलं खुडत होत्या. एक कबुली इथेच देते. मी आणलेल्या रस्त्यांच्या कडेची शेतं मी पहिल्या खेपेला पाहिली, ती दुसऱ्या खेपेला बहुतेक दिसली नाहीत. तिथे गोदामं होती, पाट्या होत्या. मी त्या पाट्यांकडे अभिमानाने बघत आले आहे. आधी तिथे काय लावलेलं होतं ते मला एकाही ठिकाणचं आठवत नाही.

“अक्का,” मी म्हटलं, “चूक माझी आहे. तिथे वाट नव्हती. कागदाची घडी होती.”

मला वाटलं, ती टोपली माझ्या डोक्यात घालेल. ती इतकी हसली की फुलं खुडणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. मग डोळे पुसत म्हणाली, “त्या लेथवाल्याला हवंय तरी काय?”

“हायवेपासून त्याच्या जमिनीपर्यंत चाळीस फुटी वाट.”

“मग विहिरीत कशाला शिरताय? अम्मा जाते तिथून जा की!”

“कोण अम्मा?”

तिने माझा हात धरला आणि शेताच्या मागे नेलं. तिथे एक गवताळ पट्टा होता, रुंद, वळणावळणाचा, एका बाजूला खडक. हायवेजवळच्या छोट्या देवळापासून तो निघत होता आणि नंजुंडण्णाच्या जमिनीला घासून गावातल्या मोठ्या देवळाकडे जात होता. गावची देवी वर्षातून एकदा एका देवळातून दुसऱ्या देवळात जाते. पालखी, मोठ्या छत्र्या, ढोल आणि पूर्वी तर सजवलेल्या बैलगाड्यांच्या दोन रांगा. म्हणून त्या पट्ट्यात कुणी काही लावत नाही. कुणी अडवत नाही. कुणी त्याला रस्ताही म्हणत नाही, कारण ती अम्माची वाट.

मी तिथेच नकाशा उघडला. वाट त्यात होती! दोन शेतांच्या मध्ये एक वाकडी, कोरी पट्टी. लागवड नाही, सारा नाही, म्हणजे जमीन सरकारची. इतके दिवस मी रेघ शोधत होते, आणि कोरी जागा माझ्या डोळ्यांसमोर पसरलेली होती.

मंगळवारी साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. घडी, प्रत, नव्या चपला, सगळं. केतकी मागे बसून आनंदाने फुलली होती.

साहेबांनी चष्मा काढला. “किती वर्षं झाली तुम्हाला या कामात?”

“सत्तावीस.”

“आणि घडी ओळखता आली नाही?”

“नाही, साहेब. पण तुमच्या चार टेबलांवरून गेली, तिथेही कुणाला ओळखू आली नाही.”

शिपाई खोकला. साहेबांनी चष्मा परत घातला. आत कुठेतरी ते हसले असावेत, कारण चष्मा वाकडा बसला.

नव्या वाटेला गावाची एकच अट होती: अम्मा निघते त्या दिवशी एकही लॉरी नको. “एकही नाही,” नंजुंडण्णा उभा राहून म्हणाला. “त्या दिवशी तेवीस वर्कशॉपं बंद. ढोल आम्ही वाजवू.” साहेबांनी ती अट लिहून घेतली आणि म्हणाले, “शुक्रवारी येऊन बघतो.” मी गौराक्काला तोच निरोप दिला: शुक्रवारी साहेब अम्माची वाट बघायला येणार आहेत.

शुक्रवारी सगळे जमलो. साहेब, त्यांचा टेप धरणारा माणूस, मी, केतकी, नवी कोरी चप्पल घालून नंजुंडण्णा, आणि यजमानीण असल्यासारखी पुढे चालणारी गौराक्का. दर पन्नास पावलांवर टेप पसरली जायची. बेचाळीस फूट. त्रेचाळीस. एकेचाळीस. प्रत्येक आकड्याला नंजुंडण्णाची मान एकेक बोट वर येत होती. शेवटच्या वळणावर टेप ताणली गेली आणि तो माणूस वाकून आकडा परत परत वाचू लागला.

“बोल ना,” साहेब म्हणाले.

“छत्तीस, सर.”

परत मोजलं. छत्तीस. एका बाजूला खडक, तो कुणाच्या बापाला हलणार नाही. दुसऱ्या बाजूला गौराक्काचं कुंपण: काठ्या, आणि काठ्यांना बांधलेल्या जुन्या साड्या.

“चाळीस लागतात,” साहेब मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता. “छत्तीसवर मला सही करता येत नाही, मॅडम. एका जागी कमी असला तरी सगळा रस्ता छत्तीसचाच धरतात.”

नंजुंडण्णा खडकावर बसला. डिसेंबर संपायला सहा आठवडे होते. केतकी खाली वाकून कुंपणाच्या बुडाशी बघत होती. मग तिने हळूच माझी बाही ओढली. काठ्यांच्या बुडाची माती ताजी होती, भुसभुशीत. आणि कुंपणाच्या आत, अबोलीच्या नव्या वाफ्यात, बरोबर चार फुटांवर, जुन्या काठ्यांचे खड्डे ओळीने दिसत होते.

साहेबांनीही पाहिलं. टेप धरणाऱ्यानेही पाहिलं. मग सगळ्यांनी एकदम गौराक्काकडे पाहिलं. ती आभाळाकडे बघत होती. मग तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली, दोन्ही हात कमरेवर घेतले आणि खडकावर बसलेल्या नंजुंडण्णालाही ऐकू जाईल अशा खणखणीत कन्नडमध्ये बोलून गेली:

“अय्यो! बघायला येतो म्हणालात ना, साहेब! मोजायला येतो म्हणाला असतात, तर कुंपण आधीच मागे नेऊन ठेवलं असतं की मी!”